१२० बाय ४५

गणपतीत रात्रीची आरती आटोपली की आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या मंडळातली पोरं मांडवामागे खुर्च्या ओढून बसतात. गेल्या भाद्रपदात, तिसऱ्या की चौथ्या रात्री, मी त्यांच्यातल्या एका अकरावीतल्या मुलासमोर माझा फोन धरला. पडद्यावर बारा गेमांची कव्हरं दोन रांगांत लावली होती, कॉम्प्युटरवरचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात दिसतात तशी, गडद निळसर रंगावर. त्यातलं एक आमचं. मनात तीन आकडे मोजले, फोन पालथा घातला आणि विचारलं, "काय काय दिसलं रे?"

त्याला चार आठवली. एक गाड्यांचा गेम, एक तलवारीचा, एक मांजराचा. चौथा आमचा.

"ती काळी विहीर होती ना ताई, आत मुलगी. भुताचा गेम आहे तो."

शेजारी त्याचा गुजराती मित्र बसला होता. तोही म्हणाला, "हा, भूतनी ज छे."

आमच्या गेममध्ये भूत नाही. कुणी मरत नाही, कुणी मागे लागत नाही, दचकवणारा एकसुद्धा आवाज नाही. एक मुलगी घागर घेऊन पायऱ्यांच्या विहिरीत उतरते आणि इकडचं पाणी तिकडे करते, एवढाच गेम. तीन वर्षं आम्ही तो बनवतो आहोत, नोकऱ्या सांभाळून, रात्री जागून. आणि ज्या चित्रावर आमचा सगळ्यात जास्त जीव होता ते चित्र तिसऱ्याच गेमची जाहिरात करत होतं. त्या रात्रीपासून दिवाळीपर्यंत आम्ही गेमला जवळजवळ हात लावला नाही, कव्हरवरच काम केलं. ते सगळं इथे सविस्तर लिहिते आहे, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा मराठीत असं काही हाती लागलं नव्हतं.

गेमचं नाव 'वाव'. गुजरातीत वाव म्हणजे आपण जिला बारव म्हणतो ती. मराठीत वाव म्हणजे जागा, संधी. बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाच्या कानाला दोन्ही अर्थ सारखेच ओळखीचे. मी सहावी-सातवीत असताना बाबांनी मला स्कूटरवरून सेवासीची विद्याधर वाव दाखवायला नेलं होतं. रणरणतं ऊन होतं. एकेक टप्पा उतरत गेलो तसा गारवा वाढत गेला, आवाज घुमायला लागला, आणि खांबांच्या एका चौकटीतून दुसरी, दुसरीतून तिसरी दिसायला लागली. पुढे अडालजची १४९९ सालची पाच मजली वाव पाहिली. पाटणची राणीची वावही पाहिली. ती २०१४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली आणि आता जांभळ्या शंभराच्या नोटेवर आहे. दोन्ही कितीतरी भव्य. पण गेम सुचला तो सेवासीच्या त्या पायऱ्यांमुळेच.

नियम एकच: एक घागर, एक पायरी. वरच्या कुंडातून घागरभर पाणी काढलं की तिथली पातळी एक पायरी उतरते, खालच्या कुंडात ओतलं की तिथली एक पायरी चढते. पाणी चढलं की तराफा वर येतो आणि त्यावरून पलीकडच्या कठड्यावर उडी मारता येते. पण मघाशी उघडं असलेलं दार त्याच वेळी बुडतं, आणि मुलीला पोहता येत नाही. कुठलं पाणी, कुठे, कोणत्या क्रमाने, हे प्रत्येक लेव्हलचं कोडं. प्रोग्रामिंग माझं. लेव्हल आणि आवाज माझ्या मामेभावाचे. चित्रं आमच्या मैत्रिणीची. ती इथल्याच सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये छापचित्रण शिकली.

तिने काढलेलं पहिलं कव्हर मी अजून डोळे मिटून सांगू शकते. विहिरीच्या काठावरून थेट खाली पाहतोय अशी नजर. चारी बाजूंनी पायऱ्या आत आत उतरत जातात, प्रत्येक मजल्याला अंधार थोडा वाढतो, आणि पार तळाशी हातात दिवा घेतलेली इवलीशी मुलगी. दगडावरच्या छिन्नीच्या खुणासुद्धा तिने एकेक काढल्या होत्या. सहा आठवडे लागले. चित्र आलं त्या रात्री मामेभाऊ बराच वेळ बोललाच नाही, मग म्हणाला, "ताई, आता गेम या चित्राच्या तोडीचा करावा लागेल."

आमचा डेमो आधी छोट्या गेमांच्या इच डॉट आयओ या साइटवर होता. तिथे ६३० बाय ५०० पिक्सेलचं एकच चित्र लागतं, आणि तिथे हे चित्र छान चाललं. चाललं म्हणजे कुणी तक्रार केली नाही. येणारे बहुतेक ओळखीचेच होते, त्यांना गेम कसला आहे ते आधीच ठाऊक होतं. स्टीमची गोष्ट वेगळी. शंभर डॉलर भरून गेमचं खातं उघडलं की एकाच चित्राचे बरेच अवतार द्यावे लागतात. पानाच्या माथ्यावरचं ९२० बाय ४३०, मुख्य १२३२ बाय ७०६, उभं ७४८ बाय ८९६, यादीतलं छोटं ४६२ बाय १७४, आणि गेम घेतल्यावर लायब्ररीत दिसणारं ६०० बाय ९००. त्यातलं जे छोटं, त्याच्या स्टीम आपोआप आणखी दोन लहान आवृत्त्या करतं. सगळ्यात लहान १२० बाय ४५.

१२० बाय ४५ म्हणजे किती, हे मी साध्या मॉनिटरवर पट्टी लावून मोजलं. तीन सेंटिमीटरच्या थोडं वर रुंद, उंची जेमतेम सव्वा सेंटिमीटर. काडेपेटीच्या ज्या कडेवर काडी ओढतो त्या कडेहून लहान. अनोळखी माणसाची आणि तुमच्या गेमची पहिली गाठ बरेचदा तिथे पडते. आणि तिथे तुम्ही शब्दांची मदत घेऊ शकत नाही. सप्टेंबर २०२२ पासून स्टीमचा नियम आहे की या चित्रांवर गेमचं चित्र, नाव आणि असलंच तर अधिकृत उपशीर्षक, एवढंच चालेल. कुणी केलेली स्तुती, मिळालेली बक्षिसं, सवलतीचे आकडे, काहीही नको. मला हा नियम मनापासून पटतो, पण त्याचा अर्थ असा की 'कोड्यांचा शांत गेम' हे चित्रालाच सांगता आलं पाहिजे.

आम्ही सुरुवातीला काय केलं ते आधी सांगते, कारण बहुतेक जण तेच करतात. चित्र घरी सगळ्यांना दाखवलं आणि विचारलं, "कसं वाटलं?" आई म्हणाली सुंदर. काकू म्हणाली, फ्रेम करून लावा. मामेभावाच्या ऑफिसातले म्हणाले, भारी, कधी येतोय गेम? कुणीही खोटं बोलत नव्हतं, चित्र सुंदरच होतं. पण आम्हाला जे कळायला हवं होतं ते त्या प्रश्नाच्या उत्तरात येणारच नव्हतं. समोरच्याला ठाऊक असतं की हे आपल्या पोरांनी केलंय. तो चित्राकडे दोन मिनिटं प्रेमाने बघतो. दुकानात कुणी दोन मिनिटं बघत नाही, आणि तिथे प्रेम तर नसतंच.

म्हणून मंडळात वेगळ्या पद्धतीने सुरू केलं. आमचं चित्र एकटं कधीच दाखवायचं नाही, बारात एक. बाकीची अकरा कव्हरं मी आधी नावाजलेल्या गेमांची घेतली होती, ते चुकलं. लोक चित्र बघत नव्हते, ओळखीची नावं शोधत होते. मग आमच्याच प्रकारचे, फारसे कुणाला माहीत नसलेले गेम घेतले. तीन सेकंद दाखवायचं. हा गेम आमचा आहे हे सांगायचं नाही. प्रश्न तीनच: काय दिसलं, त्या गेममध्ये तुला काय करायला लागेल, आणि तो कुणासाठी असेल. उत्तर येईल तसं, त्याच शब्दांत वहीत उतरवायचं, गुजरातीत आलं तर गुजरातीत. एका माणसाला एकदाच विचारायचं, कारण दुसऱ्या वेळी तो आमचंच चित्र शोधतो. ही शेवटची अट फार महागात पडते. दांडिया बाजारातली माणसं आठवड्यात संपली. मग रावपुऱ्यात गेलो, मग सयाजीगंजच्या हॉस्टेलांमध्ये.

अनंत चतुर्दशीपर्यंत सव्वीस जण झाले. त्यातल्या सतरा जणांच्या उत्तरात भूत, भीती, हॉरर यांपैकी काहीतरी होतं. एकाने विचारलं, ती मुलगी मेलेली आहे का? चौघांनी नुसतं ॲडव्हेंचर म्हटलं. पाणी हा शब्द फक्त दोघांच्या तोंडून आला. मी वही घेऊन चित्रासमोर बसले तेव्हा कारण लगेच दिसलं. आमचा सगळा गेम पाण्याचा, आणि चित्रात पाणी होतं तळाशी, काळं, रुपयाच्या नाण्याएवढं. उरलेलं सगळं चित्र अंधाराचं आणि खोलीचं. विहीर, अंधार, एकटी मुलगी, दिवा, हे एकत्र आलं की आपल्याकडे कुणालाही एकच गोष्ट आठवते. लहानपणी विहिरीपासून लांब ठेवायला सगळ्यांनाच तीच गोष्ट सांगितलेली असते.

अंधारं कव्हर वाईट असतं असं मी मुळीच म्हणत नाही. २०१० साली आलेल्या लिंबोचं सगळं जगच काळं-पांढरं आहे. पण त्या गेमात मुलगा खरोखर सापळ्यांत सापडून पुन्हा पुन्हा मरतो, त्यामुळे तो काळोख खरं सांगतो. आमचा काळोख खरं सांगत नव्हता. भुताच्या आशेने आलेला माणूस पाच मिनिटांत निघून जाणार, आणि ज्याला संध्याकाळी शांतपणे कोडी सोडवायची आहेत तो आमच्याकडे वळणारच नाही. मला या दुसऱ्या माणसाचं जास्त वाईट वाटलं.

वही घेऊन मी एकटीच फतेहगंजला मैत्रिणीच्या खोलीवर गेले. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. तिने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग विचारलं, "चित्र वाईट आहे का?"

"नाही."

"मग हे काय आहे?"

मला नीट सांगता आलं नाही. चित्र म्हणून आम्ही ते कधी तपासलंच नव्हतं, आम्ही त्याला दुकानाची पाटी म्हणून उभं केलं होतं, आणि पाटीचं काम त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सहा आठवडे चित्र करताना तिला आमच्यापैकी एकानेही म्हटलं नव्हतं की हे सव्वा सेंटिमीटर उंचीत वाचता यायला हवं. ती चूक पूर्णपणे माझी. तिथे बसून मी तेवढंच म्हणू शकले. तिने वही ठेवून घेतली आणि पुढचे चार दिवस फोन उचलला नाही.

पाचव्या दिवशी तिचाच निरोप आला, फतेहसिंग संग्रहालयात ये म्हणून. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातलं हे संग्रहालय बडोदेकरांना शाळेच्या सहलीमुळे पाठ असतं, आणि पाठ असल्यामुळेच आपण तिथे पुन्हा जात नाही. रविवर्म्याची मोठी तैलचित्रं तिथे आहेत. तिने मला दालनाच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि म्हणाली, "डोळे बारीक कर. पापण्या जवळजवळ मिटेपर्यंत. आता काय उरलं?"

उरला होता चेहरा, एक हात, आणि त्यांच्यामागचा गडद पट्टा. जरीचे काठ, दागिने, झाडं, सगळं विरघळून गेलं होतं. तरी ती बाई कोण आणि काय करते आहे ते कळत होतं.

रविवर्म्याने १८९४ मध्ये छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर गेल्या. आमच्या आजीच्या देवघरात तशी एक लक्ष्मी आहे, पोस्टकार्डाएवढी, धुराने पिवळी पडलेली. बाजूचा हत्ती आता शोधावा लागतो. पण हात, कमळ आणि उभं राहणं जागच्या जागी आहे. संग्रहालयातून घरी आल्यावर मी ती तसबीर हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. लहान होताना काय जाऊ द्यायचं आणि काय राखायचं, याचा हिशोब त्या माणसाच्या चित्रात आधीच पक्का असतो.

यानंतर मैत्रिणीने जे केलं ते मला या सगळ्या खटाटोपात सगळ्यात मोलाचं वाटतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून तिने साध्या पांढऱ्या खोडरबरांचं एक पाकीट आणलं. खोडरबर ब्लेडने कापून तीन सेंटिमीटर बाय सव्वा सेंटिमीटर केला, म्हणजे अगदी १२० बाय ४५ च्या मापाचा, आणि लिनो कोरायच्या बारीक पन्हळी हत्याराने त्यावर कव्हर कोरायला बसली. कोरताना रबराच्या शेवया टेबलावर पडत होत्या. मग शाईच्या पॅडवर दाबून वहीत ठसा. काळं आणि पांढरं, मधलं काहीच नाही. ती म्हणाली, "जे यात कोरता येत नाही ते तिथे दिसणार नाही."

पहिल्या चित्राचा ठसा तिने मुद्दाम आधी काढला. एक काळा चौकोन, मध्ये ठिपका. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. सव्वीस माणसांनी जे सांगितलं होतं ते त्या एका ठशात होतं.

मग एकामागून एक ठसे होत गेले. पायऱ्यांची नागमोड ओळखू येत होती पण डोंगर वाटत होती. नुसती घागर काढली तर कलश झाला, लग्नपत्रिकेवरचा. मुलगी उभी आणि डोक्यावर घागर, हे छान दिसत होतं, पण ती चाललेली वाटायची, काही करत नव्हती. दहाव्या की अकराव्या ठशात मुलगी पायरीवर वाकली, घागर कलली आणि घागरीतून एक पांढरी रेघ खाली गेली. ती धार होती. रबरात हत्याराचा एकच ओढ, वरून खाली. ठसा वहीत उमटला आणि मामेभाऊ म्हणाला, "ओततेय." चित्र काय सांगतंय हे त्याने एका क्रियापदात सांगितलं, आणि आमच्या गेममध्ये खेळणाऱ्याचे हात नेमकं तेच करतात.

मध्ये एक आडवळणही झालं. घाईत आम्ही मुलीचा चेहरा मोठा, डोळे मोठे असं एक कव्हर करून पाहिलं, कारण असे चेहरे दुकानात बरेच दिसतात. दहा जणांना दाखवलं. लहान मुलांचा गेम, पळत सुटायचा गेम, अशी उत्तरं आली. तिथेच थांबवलं.

नावाच्या अक्षरांवर मात्र आठ दिवस गेले. इंग्रजीत लिहिलं की व्ही, ए, व्ही. मामेभावाच्या लक्षात आलं की ही तीन अक्षरं म्हणजे पायऱ्यांचीच नागमोडी रेघ आहे, खाली-वर-खाली-वर. त्याने ए-ची मधली आडवी रेघ काढून टाकली आणि तीन अक्षरांची सलग नक्षी केली. आम्हाला ती इतकी आवडली की तपासायचीही इच्छा होत नव्हती. तपासली. लोकांनी ती डब्ल्यू वाचली, करवत वाचली, एका काकांनी हार्ट बीटची रेघ म्हटलं. नाव कुणीच वाचलं नाही. मग मैत्रिणीने ए-ची आडवी रेघ परत आणली, पण पांढऱ्या-निळ्या रंगात, किंचित लाटेसारखी, आणि ती पाण्याची पातळी झाली. अक्षरही वाचता आलं आणि गेमचा नियमही त्यात बसला. गेमच्या आत पहिल्या पडद्यावर नाव देवनागरीत आहे, आणि तिथे आमचं नशीब चांगलं. 'वाव'ला वर मात्रा-वेलांटी नाही, खाली उकार नाही, त्यामुळे शिरोरेषेपासून पायापर्यंतची सगळी उंची अक्षरांनाच मिळते. ज्यांच्या गेमच्या नावात 'त्रै' किंवा 'द्धू' आहे त्यांनी लहान आकारात नाव आधी छापून बघावं, एवढं आग्रहाने सांगते. वरचं आणि खालचं सांभाळताना मधलं अक्षर अर्धं होऊन जातं.

स्टीमच्या मार्गदर्शनातही म्हटलंय की छोट्या चित्रात नावाने जवळजवळ सगळी जागा व्यापली तरी चालेल, वाचता आलं पाहिजे. म्हणून ४६२ बाय १७४ मध्ये आम्ही मुलगीसुद्धा काढून टाकली. तिथे फक्त नाव, ए-ची पाण्याची रेघ, आणि डाव्या कोपऱ्यातून कललेली घागर.

रंग शेवटी आले. आधी सगळं चित्र करड्या छटांत करून बघायचं ही तिची शिस्त. करड्यात जे वेगळं दिसत नाही ते रंगातही घाईच्या नजरेला दिसत नाही. दुकानाची पार्श्वभूमी गडद आहे हे आम्ही पहिल्या वेळी विसरलो होतो. काळ्या कडांचं चित्र त्यात मिसळून जायचं आणि त्याचा चौकोनच हरवायचा. या वेळी कडा उन्हातल्या वाळूच्या दगडाच्या, पिवळसर. मुलीचा परकर तिने लाल रंगवला होता, मागे पायऱ्यांवर हिरवं शेवाळ. आम्हाला तो लाल झकास वाटत होता. आमच्या गल्लीतल्या एका दादाला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही; त्याला दाखवलं तर म्हणाला, "घागर दिसली. धरलीय कुणी?" परकर पांढरट झाला. त्यानंतर मामेभावाने गेममधल्या दारांच्या खुणाही तपासायला घेतल्या, कारण तिथेही लाल आणि हिरवे दिवे होते. कव्हर तपासताना गेममधली चूक सापडली ती अशी. आता दारांवर रंगाबरोबर गोल आणि त्रिकोण आहेत.

मोठ्या आकारासाठी काहीतरी असावं म्हणून आम्ही एक रविवार रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात काढला. तिथल्या भिंतींवरची एकोणिसाव्या शतकातली चित्रं मी कितीतरी वर्षांनी पाहिली. खोल्यांत उजेड कमी, तरी माणसं उठून दिसतात, कारण प्रत्येक आकृतीला ठाम काळी कड आहे. ती कड आमच्या मुलीला मिळाली. आणखी एक बारकावा मैत्रिणीने घातला: पाण्याच्या पातळीच्या बरोबर एक पायरी वर दगडावर ओलीची गडद रेघ आहे. म्हणजे पाणी मघाशी तिथवर होतं. १२० बाय ४५ मध्ये ती दिसायचा प्रश्नच नाही. १२३२ बाय ७०६ मध्ये निवांत बघणाऱ्याला दिसते.

तोवर नवरात्र आलं. बडोद्यात नवरात्रात रात्री बारानंतर गरब्याच्या मैदानांबाहेर नाश्त्याच्या गाड्यांभोवती जितकी तरुण आणि अनोळखी माणसं एका जागी भेटतात तितकी वर्षात कधी भेटत नाहीत. तीच बारा कव्हरं, तेच तीन सेकंद, तेच प्रश्न. मैत्रीण या वेळीही आली नाही, समोर चित्रकार असला की लोक जपून बोलतात म्हणून. चोवीस जण झाले. भूत तिघांनी म्हटलं. पाणी सोळा जणांनी. चणियाचोळीतली एक मुलगी शेव-उसळची डिश हातात धरून म्हणाली, "आ तो वाव छे ने? पाणी उपर चढाववानुं छे." मी तिला पुन्हा विचारलं नाही, फक्त लिहून घेतलं. हात थरथरत होता, त्यामुळे ती ओळ वहीत वाकडी आली आहे.

एक गोष्ट लपवत नाही. नवं कव्हर सुंदर आहे असं आपणहून म्हणणारे कमी निघाले. पहिल्या वेळी बऱ्याच जणांनी म्हटलं होतं, या वेळी दोघांनी. मैत्रिणीला मी तोही आकडा सांगितला. ती म्हणाली, माहीत होतं.

पान लावून आता पाच आठवडे झालेत. स्टीम विकसकांना दाखवतं की चित्र किती वेळा दिसलं आणि त्यातून किती जण पानावर आले. ते आकडे मी रोज बघते, पण त्यावरून कव्हरचा निकाल लावत नाही. प्लेस्टोअरवर दोन चित्रं वेगवेगळ्या लोकांना दाखवून तुलना करायची सोय आहे, तशी आम्हाला इथे मिळाली नाही, आणि जुनं कव्हर लावलं असतं तर काय झालं असतं हे आता कळणार नाही. मी बघते ते लोकांनी डेमो किती वेळ खेळला. पहिली तीन कुंडं पार करून पुढे जाणारे बरेच आहेत. ते पाण्यासाठीच आले होते, असं मला वाटतं.

राहिलं पहिलं चित्र. स्टीमच्या लायब्ररीत, गेम घेतलेल्या माणसाला गेमच्या पानावर वर एक लांबरुंद चित्र दिसतं, ३८४० बाय १२४०. त्यावर कोणतीही अक्षरं चालत नाहीत, नावही नाही. तिथे पोचलेल्या माणसाला गेम कसला आहे ते माहीत असतं, त्याला काही विकायचं नसतं. मैत्रिणीने डावी-उजवीकडे पायऱ्या आणखी वाढवल्या, छिन्नीच्या खुणा तशाच ठेवल्या, अंधारही तसाच. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती फाइल घेऊन आमच्याकडे आली. आईने चिवडा-चकलीचं ताट पुढे ठेवलं, तिने हात लावला नाही.

"हे कुणाला दाखवून बघायचंय?" तिने विचारलं.

"कुणालाच नाही."

ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडून माऊस घेतला, तळातल्या दिव्याचा पिवळा जरासा उजळ केला, आणि म्हणाली, "आता चढव."